दादा, तू नको येऊस

धाकट्याचा हजेरी क्रमांक ३१. बाईंनी 'एकतीस' म्हटलं की त्याने 'हजर' म्हणायचं, एवढंच काम. पण 'ह'वर त्याची जीभ अडते. ओठ उघडतात, मान किंचित पुढे येते, डोळे मिटतात आणि शब्द काही येत नाही. पाचवी-सहावीच्या वर्गाला याची सवय होती. कुणी वळूनही बघत नसे. सातवीत तुकड्या बदलल्या. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. मागच्या बाकांवरून 'ह-ह-ह-ह' असा सूर लागला, वर्ग हसला, बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं आणि पुढचा क्रमांक घेतला. त्या दिवसापासून वर्गात त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. तो 'एकतीस' झाला, आणि तेही तीनदा अडखळून म्हटलेलं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली ही शाळा. मुलांची, शाळेची आणि गावाची नावं इथे लिहिणार नाही. दोघे भाऊ अजून शिकतायत, आणि त्यांना त्रास देणारी मुलंही अजून मुलंच आहेत. थोरला तेव्हा दहावीत होता, त्याच शाळेत, वरच्या मजल्यावर.

वर्गातलं हसणं वर्गातच राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. खरा त्रास मधल्या सुट्टीत होता. शाळेच्या मागच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, तिच्या खाली ओळीने नळ. चौघांचा गट तिथे उभा असायचा. पाणी प्यायचं तर आधी पूर्ण नाव सांगायचं. नाव बाहेर पडेपर्यंत नळावर हात. कधी टपली, कधी डब्यात पाणी, कधी काहीच नाही, नुसतं वाट अडवून उभं राहायचं. आठवड्याभरात धाकट्याने शाळेत पाणी पिणं सोडलं. संध्याकाळी घरी आला की दप्तर न काढताच माठाशी जायचा आणि तांब्यामागून तांबे प्यायचा. आईला वाटलं, ऊन आहे. थोरल्याला वाटलं नाही. तो त्याच शाळेत जात होता, त्याला तो नळ माहीत होता.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्याच्या दप्तरात दोन बाटल्या आल्या. याने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. सुट्टीची घंटा झाली की थोरला जिना उतरून खाली यायचा, सातवीच्या वर्गाबाहेर कठड्याला टेकायचा, बाटली द्यायचा आणि धाकटा पिईपर्यंत उभा राहायचा. त्याचं सुट्टीतलं क्रिकेट बंद झालं. दोस्तांनी दोन-चार दिवस हाका मारल्या, मग त्याच्या जागी दुसरा भिडू घेतला. शाळा सुटल्यावर सायकलवर डबलसीट. पुढे दांडीवर बसायचं धाकट्याचं वय गेलं होतं, तो मागे कॅरिअरवर बसायचा आणि थोरला चढावरही उतरू द्यायचा नाही.

वडील दूध संघाच्या टेम्पोवर असतात; पहाटे तीनला घर सोडतात. कानावर आलं तेव्हा त्यांनी धाकट्याला सांगितलं, 'तू पण दे की एक ठेवून.' आणि थोरल्याला सांगितलं, 'लक्ष असू दे रे बारक्याकडं.' एवढं सांगून ते झोपायला गेले. त्यांना दोष देण्याचं मला कारण दिसत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत याहून वेगळं काही होत नाही. शाळेत मुलाला कुणी छळत असेल तर आपल्या हातात दोनच वाक्यं असतात: 'दुर्लक्ष कर' आणि 'दादाला सांग'. पहिलं वाक्य निरुपयोगी आहे हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं. दुसऱ्याबद्दल मात्र आपल्याला मोठा विश्वास वाटतो. थोरला भाऊ आहे ना, मग काळजी नाही! त्या थोरल्याचं वय पंधरा आहे, त्याची दहावी आहे आणि त्याच्या अंगावर आपण शाळेचं, मुख्याध्यापकांचं आणि आपलं स्वतःचंही काम टाकलं आहे, हे कुणाच्या मनात येत नाही.

दिवाळीत आपण भाऊबीज करतो. बहीण ओवाळते, भाऊ ओवाळणी घालतो. भावाभावांसाठी पंचांगात तशी तिथी नाही. दोन भावांमधलं नातं गृहीतच धरलेलं असतं. एकमेकांचे कपडे घालायचे, एकमेकांना बदडायचं आणि बाहेरच्याने हात लावला तर एक व्हायचं. या तिसऱ्या गोष्टीचं आपल्याला फार कौतुक. कौतुक करावं असंच ते आहे. पण एक होऊन नेमकं काय करायचं, हे त्या दोघांना कुणी सांगितलेलं नसतं.

०००

शाळेतला छळ ही अभ्यासायची गोष्ट आहे, असं जगाला वाटायला लागून साठ वर्षंही झालेली नाहीत. पेटर-पॉल हाइनेमान हे स्वीडनमधले डॉक्टर. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा कृष्णवर्णीय होता, आणि मुलांचं टोळकं त्याच्या मागे कसं लागतं हे त्यांनी बाप म्हणून पाहिलं. १९६९ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला, १९७२ मध्ये पुस्तक. याच सुमाराला डान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने शाळाशाळांत जाऊन पद्धतशीर अभ्यास सुरू केला. एखाद्या मुलाला कुणी मुद्दाम, पुन्हापुन्हा त्रास देत असेल आणि त्याला स्वतःचा बचाव करणं जमत नसेल, तर ती मुलांची मस्ती नव्हे, हे त्यांनी ठासून सांगितलं. तीन खुणा: हेतू, सातत्य आणि ताकदीतला फरक. दोन बरोबरीची मुलं मैदानात भांडली, दुसऱ्या दिवशी एकत्र खेळली, तर ते भांडण. नळावर चौघे आणि समोर अडखळणारा एक, तेही रोज, हे भांडण नाही.

नॉर्वेने ओल्वेयस यांचं मनावर घेतलं ते मात्र एका भयंकर प्रसंगानंतर. १९८२ च्या अखेरीला देशाच्या उत्तर भागात दहा ते चौदा वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला छळ हे कारण असावं, असं समोर आलं. पुढच्याच वर्षी सरकारने देशभर मोहीम काढली. बर्गन शहरातल्या ४२ शाळांमधली सुमारे अडीच हजार मुलं ओल्वेयस यांनी अभ्यासासाठी घेतली, आणि दोन वर्षांत छळाचं प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटल्याचं नोंदवलं. त्यांनी केलं काय? मधल्या सुट्टीत शिक्षक मैदानावर आणले. वर्गात नियम ठरवले, छळणाऱ्या आणि छळल्या जाणाऱ्या मुलांशी वेगवेगळं बोलले, दोघांच्याही पालकांना बोलावलं. हे वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली, आपल्या संदर्भात खटकत राहिली: या सगळ्या यादीत 'भावाला सांग' कुठेच नाही. सगळी कामं मोठ्यांची आहेत.

युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरच्या देशांतली माहिती एकत्र करून अहवाल काढला. त्यात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं की, गेल्या महिन्याभरात सोबत्यांनी एकदा तरी आपल्याला छळलं. दिसण्यावरून चिडवलं जाणाऱ्या मुलांची संख्या त्यात सर्वांत मोठी. आपल्या वर्गांत काळा, जाड्या, चष्मिस, तोतरा अशी नावं किती सहज पडतात हे आठवलं तर आकड्याचं नवल वाटणार नाही.

मग भावाचा उपयोग काय? आहे, आणि चांगलाच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या १,११६ जोड्यांचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या माहितीवरून लूसी बोव्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक निष्कर्ष मांडला. प्राथमिक शाळेत छळ सोसलेली सगळी मुलं सारखी खचत नाहीत. ज्या घरात आईची माया दिसते, भावंडांत जिव्हाळा असतो, घरातलं वातावरण निवांत असतं, तिथली मुलं त्याच छळातून कमी जखमी होऊन बाहेर पडतात. भावंडाने त्रास देणाऱ्यांना चोप दिला का, हे या अभ्यासाने मोजलं नव्हतं. मोजला होता तो जिव्हाळा. दोन बाटल्या दप्तरात घालणारा आणि त्यावर एक शब्दही न विचारणारा भाऊ कुठल्या बाजूला मोडतो, हे सांगायला नको.

याच नाण्याची दुसरी बाजूही बोव्झ यांनीच नंतर दाखवली. २०१४ च्या त्यांच्या अभ्यासात ब्रिटनमधली सुमारे सात हजार मुलं होती. बाराव्या वर्षी ज्यांना स्वतःचंच भावंड आठवड्यातून अनेकदा छळत होतं, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट होती. घरात भावाकडून मार खाणारी मुलं शाळेतही छळाच्या चक्रात जास्त सापडतात, असं इतर संशोधकांनाही दिसलं आहे. 'भावाभावांत चालायचंच' म्हणून आपण ज्याकडे बघत नाही त्यातलं सगळंच चालायचं नसतं.

०००

भावाची साथ कुठवर पोचते आणि कुठे थांबते, याचा विचार करताना मला साताऱ्याचे दोन भाऊ आठवतात. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदलं गेलं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. भीम, म्हणजे पुढचे बाबासाहेब, आणि थोरले आनंदराव साताऱ्यात शिकत होते. बसायला घरून गोणपाट न्यायचं, ते संध्याकाळी परत आणायचं. नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपाई असेल तर तो वरून पाणी ओतणार, शिपाई नसेल तर तहान तशीच. चार मुलांच्या टोळक्याने केलेल्या त्रासाशी याची बरोबरी करणं चूक ठरेल. तिथे छळणारी सगळी व्यवस्था होती आणि शाळा तिच्या बाजूला उभी होती. म्हणूनच भाऊ काय करू शकतो आणि काय नाही, हे तिथे लख्ख दिसतं.

चरित्रकारांनी नोंदवलेला एक प्रसंग आहे. धो धो पाऊस पडत होता. छत्रीशिवाय या पावसात शाळेत जाऊन दाखवशील का, असं सोबत्यांत निघालं आणि भीम ईर्षेला पेटला. आनंदरावांनी त्याला आपल्या छत्रीत घ्यायचा प्रयत्न केला. त्याने ऐकलं नाही. ओलाचिंब होऊन वर्गात गेला. पेंडसे नावाच्या शिक्षकांनी ते पाहिलं, आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी पाठवलं, गरम पाण्याने आंघोळ घालायला लावली, नेसायला लंगोटी दिली. कपडे वाळेपर्यंत तशाच वेशात वर्गात बसायचं म्हटल्यावर मुलाला रडू फुटलं. बाबासाहेबांच्या हट्टी स्वभावाची गोष्ट म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला त्यात आनंदरावांची छत्री दिसते. भावाने पुढे केलेली, नाकारली गेलेली. आणि जे भावाला जमलं नाही ते एका शिक्षकाने उठून केलं, हे दिसतं.

पुढे मुंबईत वडील रामजींची इच्छा होती की मुलांनी संस्कृत शिकावं. शिक्षकाने आधी आनंदरावांना नकार दिला. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही. मग तोच नकार भीमच्या वाट्याला आला आणि त्याला फारसी घ्यावी लागली. थोरल्याने आधी झेलून धाकट्याची सुटका झाली नाही. थोरल्याचं शिक्षण पुढे सुटलं, धाकट्याचं चालू राहिलं, आणि घरात एकाचंच शिक्षण परवडेल अशी वेळ आली तेव्हा माघार कुणी घेतली हे आपण क्वचितच बोलतो.

०००

तालुक्याच्या गावातली गोष्ट पुढे अशी झाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीच्या जादा तासांची वेळ बदलली आणि मधल्या सुट्टीत थोरल्याला खाली येता येईना. गटाच्या ते दोन दिवसांत लक्षात आलं. एका संध्याकाळी सायकल स्टँडवर थोरल्याने धाकट्याची कॉलर बघितली. बटणं तुटलेली, मानेवर ओरखडा. चौघांतले दोघे अजून तिथेच होते. थोरला अंगापिंडाने दणकट आहे. एकाचा ओठ फुटला, दुसऱ्याचा चष्मा मोडला.

'मारल्यावर बरं वाटलं का?' मी त्याला विचारलं.

तो बराच वेळ सायकलचं पॅडल उलटं फिरवत राहिला. 'वाटलं की. दोन दिवस.'

तिसऱ्या दिवशी वडिलांना शाळेत बोलावणं आलं. सहा महिने सातवीतल्या मुलाच्या नळावरच्या तहानेबद्दल ज्या कार्यालयात एक कागद नव्हता, तिथे थोरल्याच्या नावाची फाइल तयार झाली. माफीनामा लिहून घेतला. ओठ फुटलेल्या मुलाचे पालक पोलिसांत जायचं म्हणत होते. ते गेले असते तर थोरल्याला कशाला सामोरं जावं लागलं असतं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची बाजू बाल न्याय मंडळापुढे ऐकली जाते. तिथे शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर असतो. तरी पूर्वपरीक्षेच्या आधी महिनाभर त्या भीतीत एक मुलगा वावरला आणि त्याला हे समजावून सांगणारं माणूस भेटलं नाही. गणिताचा पेपर त्याला अर्धाच सोडवता आला. ते त्याने मला सहज सांगितलं. आई मात्र सांगताना रडली.

आणि नळ? नळ मोकळा झाला. कारण गट तिथून उठून मोबाइलवर गेला. धाकटा मराठीच्या तासाला धडा वाचत असताना कुणीतरी बाकाखालून आवाज रेकॉर्ड केला होता. तो सातवीच्या ग्रुपवर पडला, तिथून दहावीच्या. थोरल्याच्या मित्राने त्याला तो ऐकवला. या आवाजाला कॉलर नव्हती, धरायचं कुणाला?

सगळ्यांत वाईट गोष्ट यानंतर घडली, आणि ती बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. धाकट्याने भावाला काही सांगणंच बंद केलं. 'काय झालं का आज?' 'नाही.' 'कोण काय बोललं?' 'नाही.' का, हे विचारल्यावर धाकट्याने मला सांगितलं. मध्ये थांबत, पण पूर्ण सांगितलं. दादाला सांगितलं की दादा मारणार. मारलं की दादाला शाळेतून काढणार. मग दादाची दहावी जाणार. सगळं माझ्यामुळं. एकदा सायकल स्टँडकडे निघालेल्या थोरल्याचा शर्ट मागून धरून तो म्हणाला होता, 'दादा, तू नको येऊस.' 'द'वर तो अडखळतोच, त्यामुळे हे वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला असणार आणि थोरल्याला तेवढा वेळ थांबून ऐकावं लागलं असणार.

भावाने हात उचलला की सगळे त्याला शाबासकी देतात. चित्रपटांत तर टाळ्या पडतात. पण छळल्या जाणाऱ्या मुलाकडे बोलायला एकच खिडकी असते आणि त्या मारामारीने ती बंद होते, हे मला या दोघांकडून कळलं. मुलं बोलत नाहीत यामागे भीती असते, लाज असते, चुगलखोर ठरण्याची धास्ती असते; आणि आपल्यासाठी दुसऱ्याला किंमत मोजावी लागेल हे ओझंही असतं. जितका भाऊ प्रिय, तितकं ते ओझं जड.

यातून वाट काढली ती धाकट्यानेच. परीक्षेच्या आधी एका रात्री गच्चीवर त्याने भावापुढे अट ठेवली. नाव सांगणार नाही, बाकी सगळं सांगेन. कबूल असेल तर सांगतो. थोरल्याला हे पटायला दोन दिवस लागले. 'नाव नाही तर मग सांगून उपयोग काय, असं वाटायचं,' तो म्हणाला. शेवटी कबूल झाला. त्या रात्री धाकटा अकरा वाजेपर्यंत बोलत होता. आईला वाटलं, अभ्यास चाललाय.

०००

अडखळत बोलणं ही भित्रेपणाची खूण नाही, हे या निमित्ताने लिहायला हवं. त्याची मुळं मेंदूतल्या बोलण्याच्या यंत्रणेत आणि बऱ्याचदा अनुवंशातही असतात. लहानपणी कितीतरी मुलं अडखळतात, बहुतेकांचं जातं. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाचं राहतं, पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक. 'हळू बोल', 'श्वास घे', 'आधी विचार कर' या सूचनांनी मूल आणखी आखडतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा-उपचार मिळतात. जिल्ह्याच्या गावांत मोठ्या दवाखान्यांमधून आता वाचातज्ज्ञ असतात. पण छळ थांबायला आधी उपचार पूर्ण व्हायला पाहिजेत असं थोडंच आहे. बोलणं सुधारलं तरच मुलाला पाणी प्यायचा हक्क, असा हिशेब होऊ शकत नाही.

कायद्याचं काय? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, पण तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा, आणि हे कलम वापरलं जातं ते प्रामुख्याने शिक्षकांच्या वागण्याबाबत. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं. राज्य मंडळाच्या शाळांना ते परिपत्रक लागू नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि केली नाही तर त्यालाही जबाबदार धरायचं, असं त्यात आहे. कायद्याची भाषा शैक्षणिक संस्थेची आहे, पण आपण तो कॉलेज आणि वसतिगृहांच्या बाहेर फारसा नेलेला नाही. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती या गोष्टींची शाळांना सक्त आठवण करून दिली. या शाळेतही पेटी लागली. ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी आहे. तिथे चिठ्ठी टाकणारा मुलगा अख्ख्या व्हरांड्याला दिसतो.

मधल्या सुट्टीत नळाशी कोण असतं, हे मी शिक्षकांच्या खोलीत विचारलं. एका ज्येष्ठ सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, 'त्या वेळी आमचे डबे उघडे असतात. आणि जे काय व्हायचं ते त्याच वेळी होतं.' वीस मिनिटांची सुट्टी. त्यात दोन शिक्षकांनी आळीपाळीने मागच्या अंगणात उभं राहायचं, यासाठी शासन निर्णय लागत नाही.

धाकट्याच्या आठवीत ते झालं. थोरल्याने नव्हे, आईने केलं. तिने एका वहीच्या पानावर तारीखवार लिहून मुख्याध्यापकांना अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ती शिवणकाम करते; तारखा आणि मापं लिहून ठेवायची तिला सवय आहे. धाकट्याने अट पाळली होती, त्यामुळे अर्जात एकही नाव नव्हतं. जागा आणि वेळा होत्या. नव्या वर्गशिक्षिकेने हजेरीला तोंडी उत्तर बंद करून नुसता हात वर करायला सांगितलं, सगळ्यांनाच. धाकट्याला वेगळं काढलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. गटातल्या चौघांना तिने एकत्र बोलावलं नाही. एकेकट्याशी बोलली, ओरडली नाही, 'त्याला बरं वाटावं म्हणून तू काय करशील?' एवढंच विचारत राहिली. फिनलंडमध्ये क्रिस्टिना सालमिवाल्ली यांच्या पुढाकाराने तुर्कू विद्यापीठातून तयार झालेला 'किवा' कार्यक्रम याच रीतीने चालतो. एकेकट्याशी बोलणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बघ्यांना हलवणं. या बाईंनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांना ते सुचलं.

बघ्यांचं महत्त्व कॅनडातल्या एका निरीक्षणाने ठळक केलं आहे. टोरंटोमधल्या शाळांच्या मैदानांवर मुलांना मायक्रोफोन लावून चित्रण केलं गेलं. त्यावर हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी २००१ मध्ये लिहिलं. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती १९ टक्के प्रसंगांत. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! थोरल्याने जवळपास वर्षभर जे केलं आणि ज्याची किंमत मोजली, ते मागच्या बाकावरचा कुणीही एक जण दहा सेकंदांत करू शकला असता.

आठवीच्या जुलैमध्ये तसं घडलं. खेळाच्या तासाला संघ पाडताना कुणीतरी 'ह-ह-ह' सुरू केलं. चौघांतलाच एक जण, ज्याचा चष्मा मोडला होता तो, म्हणाला, 'गप रे, बास झालं आता.' सूर तिथेच तुटला. मी त्या मुलाला भेटलो. काही तरी उदात्त ऐकायला मिळेल अशी आशा मला होती. 'का थांबवलंस?' तो म्हणाला, 'बोअर झालं होतं, सर.' तसंही असू शकतं. त्या आठवड्यात नळाशी सर उभे होते, वर्गात हात वर करून हजेरी होत होती, बाई एकेकट्याला बोलावत होत्या. मजा येण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

थोरला तोवर गावात नव्हता. ६८ टक्क्यांवर दहावी सुटली आणि तो जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून आयटीआय करतोय. तीन वर्षांचं अंतर असलेल्या भावांत हे होणारच असतं. थोरला शाळा सोडून जातो आणि धाकट्याला तिथे अजून तीन वर्षं काढायची असतात. जूनमध्ये गाडीत बसताना त्याच्या पोटात गोळा आला होता, असं त्याने सांगितलं. स्वतःसाठी नव्हे.

रविवारी संध्याकाळी दोघे आईच्या फोनवर बोलतात. फोनवर धाकटा जास्त अडखळतो, म्हणून व्हिडिओ कॉल. 'गप रे, बास झालं'ची गोष्ट त्याने भावाला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी त्या घरात चहा पीत बसलो होतो. सांगायला वेळ लागला. थोरला तिकडे कॉटवर मांडी घालून ऐकत होता. मध्ये एकही शब्द पुरवला नाही, कुठलंही वाक्य त्याच्याऐवजी पूर्ण केलं नाही. गोष्ट अर्ध्यावर आल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

'सुरू कुणी केलं होतं? नाव?'

'नाही.'

'बरं. मग पुढं?'